चावी बंद, दिवा चालू : अल्टरनेटर बदलण्याच्या नोंदी

गाडी पेट्रोलची, बरीच जुनी, इंजिन आडवं बसवलेलं. आजवर या गाडीवर मी एअर फिल्टर, वायपर आणि बॅटरी एवढंच बदललं आहे. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनच्या पट्ट्याने फिरून वीज बनवणाऱ्या आणि बॅटरी भरणाऱ्या यंत्राला, पहिल्यांदाच हात लावते आहे, म्हणून मोजलेला आकडा आणि सोडवलेला नट लिहून ठेवते आहे. ज्यांची पहिलीच वेळ असेल त्यांच्यासाठी आधीच सांगते: या कामात पान्यापेक्षा मल्टिमीटर जास्त वेळ हातात असला पाहिजे. अल्टरनेटर काढणं-बसवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. तो खरंच गेला आहे का, हे ठरवणं हे खरं काम.

४ नोव्हेंबर

सकाळी सेल्फ मारला तर रिलेची टकटक तेवढी ऐकू आली. बॅटरीवर मीटर लावला: ९.८ व्होल्ट. बॅटरी तशी नवी आहे आणि काल संध्याकाळी गाडी व्यवस्थित चालली होती. केबिनचा दिवा, डिकीचा दिवा, सगळे पाहिले. कुठलाच रात्रभर जळत राहिलेला नव्हता.

बॉनेट उघडं होतं म्हणून सहज इकडेतिकडे हात लावून पाहिला. इंजिन थंडगार, बॅटरी थंड, पाइप थंड. अल्टरनेटरचं ॲल्युमिनियमचं कवच मात्र कोमट लागलं. गाडी रात्रभर उभी होती, त्यामुळे ही ऊब इंजिनची असूच शकत नाही. रात्रभर कुठून तरी त्यात वीज जात होती.

दुसरी खूण डॅशबोर्डवर. चावी काढलेली असतानाही बॅटरीचा लाल दिवा मंद पेटलेला. चावी लावून फिरवली की विझतो, काढली की पुन्हा पेटतो. नेमकं उलट व्हायला हवं. गेले काही दिवस गाडी चालवताना हाच दिवा अगदी अंधुक दिसायचा, आणि सिग्नलला थांबल्यावर हेडलाइट किंचित मंदावायचे, तेही आता एकत्र जुळतंय.

आज एवढंच केलं: बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवली. जी काही गळती आहे ती निदान थांबेल.

५ नोव्हेंबर

दिवसभर बॅटरी चार्जरवर. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची आहे, म्हणून चार्जर साडेचार अँपिअरच्या आसपास ठेवला. क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाने सावकाश चार्ज करणं बॅटरीला मानवतं. चार्जरचे चिमटे लावताना आणि काढताना चार्जर बंदच हवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि त्याच्याजवळ ठिणगी उडता कामा नये. जागा मोकळी, हवा खेळती.

उतरलेल्या बॅटरीनिशी गाडी ढकलून सुरू करायची आणि अल्टरनेटरलाच ती भरायला लावायची, असं पुष्कळ जण करतात. मला ते पटत नाही. तसं केलं की अल्टरनेटरला पूर्ण क्षमतेने बराच वेळ राबावं लागतं आणि तो प्रचंड तापतो. नवा बसवल्यावर तर हे मुळीच करायचं नाही.

६ नोव्हेंबर

रात्रभर सुटी ठेवलेली बॅटरी सकाळी १२.६ व्होल्ट. म्हणजे पूर्ण भरलेली, आणि तिचा काही दोष नाही. साध्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी ढोबळ हिशेब लक्षात ठेवायचा: १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की ती उतरल्यातच जमा. हे आकडे बॅटरी काही तास शांत बसल्यावरचे. चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर मीटर उगाच जास्त दाखवतो.

आता गळती. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली आणि मीटर बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि सोडवलेली निगेटिव्ह केबल यांच्या मध्ये जोडला. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज क्षणात उडेल. सगळी दारं बंद, बॉनेटचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केल्यासारखं केलं, चावी खिशात. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स झोपी जायला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास थांबून आकडा पाहिला.

३.१ अँपिअर. निरोगी गाडीत हा आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असतो, म्हणजे ०.०५ अँपिअर. ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून तीन अँपिअर रात्रभर गेले तर सकाळी काय उरणार?

मीटर काढला, निगेटिव्ह मोकळीच ठेवली, आणि अल्टरनेटरच्या मागच्या बी प्लस टर्मिनलवरची जाड वायर सोडवून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. ही वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली असते, चावीशी तिचा संबंध नाही, म्हणून निगेटिव्ह जोडलेली असताना तिला हात लावायचा नाही. परत मीटर मध्ये घालून पाहिलं: ०.०२ अँपिअर. गळती अल्टरनेटरमधूनच आहे, दुसरीकडून नाही.

हे का होतं ते मला नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून संध्याकाळ त्यातच घालवली.

अल्टरनेटरच्या बाहेरच्या भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तांब्याच्या तारेची तीन वेटोळी असतात. आत फिरणाऱ्या रोटरमध्ये एक वेटोळं असतं. त्याला दोन कार्बन ब्रशमधून थोडी वीज दिली की तो चुंबक होतो. तो फिरला की स्टेटरमध्ये तीन फेजची उलटसुलट वाहणारी वीज तयार होते. गाडीला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज हवी, म्हणून सहा डायोड. डायोड म्हणजे विजेची एकमार्गी झडप. माझ्या गाडीसारख्या जुन्या रचनेत यांशिवाय आणखी तीन छोटे डायोड असतात, ते रोटरला वीज पुरवतात. ती कमी-जास्त करून रेग्युलेटर व्होल्टेज १४ च्या आसपास धरून ठेवतो. याच्या आधी गाड्यांत डायनॅमो असायचे आणि इंजिन सावकाश फिरत असताना त्यांच्याकडून फारसं काही मिळायचं नाही. सिलिकॉनचे डायोड आले तेव्हा अल्टरनेटर गाडीत मावेल इतका लहान झाला. १९६० च्या व्हॅलियंटमध्ये क्राइस्लरने तो सरसकट दिला होता.

आता दिव्याचं कोडं. बॅटरीचा दिवा एका बाजूने चावीच्या स्विचला आणि दुसऱ्या बाजूने त्या तीन छोट्या डायोडांच्या टोकाला, म्हणजे डी प्लसला, जोडलेला असतो. चावी फिरवली, इंजिन बंद: स्विचच्या बाजूला १२ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला रोटरच्या वेटोळ्यातून अर्थिंग, म्हणून दिवा पेटतो. दिव्यातून जाणारी तेवढीशी वीज रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देते. म्हणूनच काही जुन्या गाड्यांत नुसता हा बल्ब उडाला तरी चार्जिंग सुरू होत नाही! इंजिन सुरू झालं की डी प्लसवर १४ व्होल्ट येतात, दिव्याच्या दोन्ही बाजू सारख्या होतात आणि तो विझतो.

सहापैकी पॉझिटिव्ह बाजूचा एक डायोड शॉर्ट झाला तर? झडप कायमची उघडी. बॅटरीची वीज त्यातून उलटी स्टेटरमध्ये शिरते, तिथून छोट्या डायोडांमधून डी प्लसवर, आणि तिथून रोटरमध्ये. रात्रभर. रोटर जागचा हलत नाही, नुसता तापत राहतो. ३ अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे ३६ वॉट. तीच ती ऊब. चावी फिरवली की दिव्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच व्होल्ट, म्हणून तो पेटत नाही. चावी काढली की वीज डी प्लसकडून दिव्यात उलट्या दिशेने येते आणि बंद असलेल्या उपकरणांच्या वायरींतून अर्थिंगला जाते, म्हणून पेटतो. तारेच्या बल्बला दिशेचं सोयरसुतक नसतं. एलईडी असता तर ही खूण दिसलीच नसती.

हे सगळं कागदावर काढून पाहिलं आणि प्रत्येक लक्षण जागच्या जागी बसलं तेव्हा फार बरं वाटलं.

७ नोव्हेंबर

बी प्लसची वायर परत जोडली, बॅटरी जोडली, इंजिन थोडाच वेळ सुरू केलं. २००० आरपीएमला बॅटरीवर १२.९ व्होल्ट. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवे. हेडलाइट लावले तर १२.२, आणि आकडा हळूहळू खाली. कान देऊन ऐकलं तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी एक घुंईं अशी गुणगुण.

मग मीटर एसीवर, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज मोजायच्या खुणेवर, ठेवून बॅटरीवर लावला: १.४ व्होल्ट. डायोड ठीक असतील तर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या बराच आत राहतो. इथे एक सावधगिरी: स्वस्तातले काही मीटर एसीवर ठेवून बॅटरीला लावले की इंजिन बंद असतानाही सत्तावीस-अठ्ठावीस व्होल्ट दाखवतात आणि वायरी उलट्या लावल्या की शून्य. तो मीटरचा दोष आहे, गाडीचा नव्हे. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून शून्य दाखवतो का ते पाहून घ्यायचं.

पट्टा तपासला. ढिला नाही, त्याच्या दातांवर चकाकी नाही, पुलीवर घसरल्याची काळी भुकटी नाही. पट्टा घसरत असेल तरी चार्जिंग कमी होतं, आणि तेवढ्यासाठी चांगला अल्टरनेटर बदलला जातो.

ज्यांची गाडी अलीकडची आहे त्यांच्यासाठी: नव्या गाड्यांत चार्जिंग किती करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. पेट्रोल वाचवायला तो कधी व्होल्टेज १३ च्या खाली आणतो, ब्रेक मारताना १५ पर्यंत नेतो. तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ ही जुनी चाचणी मी केली नाही आणि कुणी करू नये. बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर काही पटींनी उसळतं. त्यात चांगले डायोड आणि गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात.

८ नोव्हेंबर

अल्टरनेटर आणला. नवा आणि रीकंडिशन्ड यांत नवाच घेतला. गाडीच्या मॉडेलवरून भाग मिळतो हे खरं, पण एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकार बसवलेले असतात, म्हणून जुन्यावरचं लेबल (१४ व्होल्ट, ७० अँपिअर) आणि भाग क्रमांक आधी फोटोत घेऊन ठेवला होता. जुळवायच्या गोष्टी: अँपिअर, कानांमधलं (बोल्ट ज्यांतून जातात त्या भोकांच्या टोकांमधलं) अंतर, प्लगचा आकार आणि पिना, पुलीवरच्या खाचा, पुलीचा व्यास. माझी पुली साधी, घट्ट बसवलेली आहे. काही गाड्यांत एकाच दिशेने पकडणारी क्लच पुली असते. ती असेल तर तशीच हवी, नाहीतर पट्टा फडफडतो.

सोबत नवा पट्टाही घेतला. जुना वरवर ठीक दिसतो, पण हल्लीचे ईपीडीएम रबराचे पट्टे पूर्वीसारखे तडकत नाहीत. ते आतून झिजतात आणि खाचा खोल होत जातात. नाहीतरी तो काढायचाच आहे.

संध्याकाळी अल्टरनेटर धरून ठेवणाऱ्या दोन्ही बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला.

९ नोव्हेंबर : काढणं

बॅटरीची निगेटिव्ह पहिली. कारण साधं आहे: गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. निगेटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. केबल मागे वाकवून फडक्यात गुंडाळली, आपोआप टेकू नये म्हणून.

खालचा बोल्ट माझ्या गाडीत चाकाच्या बाजूने गाठावा लागतो. मागच्या चाकांना अडणी, हँडब्रेक, गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवली, मग चाक काढलं आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर सोडवलं. जॅक हे उचलायचं साधन आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. स्टँडवर घेतल्यावर गाडी हाताने ढकलून पाहिली, मगच पुढे.

पट्ट्याची वाट कागदावर काढली. कुठली पुली आतून, कुठली बाहेरून, हे काढल्यावर हमखास विसरायला होतं, आणि फोटोत पट्ट्याचा निम्मा भाग इतर भागांमागे लपतो. पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बोल्टवर लांब दांड्याचा रिंग पाना बसवून स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेला सावकाश ओढला. पट्टा ढिला झाल्यावर अल्टरनेटरच्या पुलीवरून उतरवला आणि पाना तितक्याच सावकाश परत सोडला. बोटं त्या मार्गात आणायची नाहीत. ती स्प्रिंग भलतीच जोरकस आहे. पट्टा निघाला की टेन्शनरची पुली हाताने फिरवून पाहिली, खरखर नाही. हे तपासायला यापेक्षा चांगली वेळ मिळत नाही.

प्लग. इंजिनच्या उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि खटका ओढून काढायला गेलं की तुटतो. युक्ती अशी: प्लग आधी आत दाबायचा, त्याने खटक्यावरचा ताण जातो, मग खटका दाबून प्लग सरळ मागे. वायरींना धरून ओढायचं नाही.

बी प्लसवरची रबरी टोपी मागे सारली, नट सोडवला. वायरच्या टोकाची तांब्याची कडी काळपट पडली होती.

वरचा बोल्ट सहज आला. खालच्याने मात्र दम काढला. लांब बोल्ट, ब्रॅकेटच्या दोन्ही कानांमधून आरपार गेलेला, आणि गंजलेला. अशा ठिकाणी बारा कोनी गोटी (सॉकेट) वापरली तर बोल्टचं डोकं गोल व्हायची भीती असते. सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर पकडते. गोटी पूर्ण आत बसवली, लांब दांडा लावला आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब दिला. गंजाची पकड सुटली की एक बारीकसा ‘कट्’ असा आवाज येतो, तो आला. मग उलट दिशेने पाव वळसा, पुन्हा थोडा आत, पुन्हा स्प्रे, पुन्हा अर्धा वळसा बाहेर. घाईने एकाच दिशेने ओढलं तर आटे जातात किंवा बोल्ट आतच तुटतो, आणि मग ते काम घरचं राहत नाही.

बोल्ट निघाला तरी अल्टरनेटर जागचा हलेना. ब्रॅकेटमध्ये चिमटीत धरल्यासारखा बसलेला असतो. सपाट पट्टी मध्ये घालून एकदा या कानाशी, एकदा त्या कानाशी हलवत राहिले आणि तो सुटला. वजन पाच-सहा किलोचं. सुटेल तेव्हा एक हात खाली तयार हवा.

आज इथेच थांबले. बोल्टचे आटे आणि ब्रॅकेटच्या टेकायच्या जागा तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केल्या. अल्टरनेटरला अर्थिंग याच जागांतून मिळतं. तिथे गंज राहिला तर नव्या अल्टरनेटरची वीजही अर्धवट पोहोचेल.

१० नोव्हेंबर : बसवणं

जुना आणि नवा शेजारी ठेवून सगळं पुन्हा ताडून पाहिलं. पुलीच्या सहा खाचा, कानांची रुंदी, प्लग.

नवा ब्रॅकेटमध्ये शिरेना. याचं कारण माहीत नसेल तर माणूस हातोडी काढतो, म्हणून सविस्तर लिहिते. अल्टरनेटरच्या मागच्या कानात लोखंडी बुश असतो आणि तो सरकणारा असतो. बोल्ट आवळला की तो सरकून ब्रॅकेटला चिकटतो, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या कानावर वाकवणारा ताण येत नाही आणि अल्टरनेटर घट्ट बसतो. नव्या अल्टरनेटरमध्ये हा बुश कानाच्या आतल्या बाजूला जरासा पुढे आलेला होता, म्हणून मधली जागा कमी पडत होती. कानाच्या बाहेरच्या बाजूला बुशपेक्षा मोठ्या भोकाची गोटी ठेवली. एका बोल्टवर जाड वायसर घालून तो आतल्या बाजूने बुशमधून आणि गोटीतून पार केला, पलीकडे वायसर आणि नट, आणि हळूहळू आवळलं. बुश बिनबोभाट दोन मिलिमीटर गोटीत मागे सरकला. त्यानंतर अल्टरनेटर दोन बोटांच्या जोराने जागी बसला. हातोडीने कान तडकला असता तर नवा अल्टरनेटर न वापरताच भंगारात.

दोन्ही बोल्ट आधी हाताने फिरवून आटे धरले, मग कच्चे आवळले, मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने पक्के. खालचा आधी, वरचा नंतर.

बी प्लसची कडी पॉलिश पेपरने घासून तांबं उघडं केलं. या नटाला जोर लावायचा मोह आवरायचा. खालची इन्सुलेटरची चकती तडकते किंवा स्टडच फिरतो. पण ढिलाही चालत नाही, ढिल्या जोडावर उष्णता तयार होते आणि कडी काळी पडते ती अशीच. मॅन्युअलच्या आकड्यालाच आवळायचं. टोपी परत चढवली, प्लग खटका वाजेपर्यंत आत.

नवा पट्टा कागदावरच्या वाटेने चढवला, अल्टरनेटरची पुली शेवटी. मग टॉर्च घेऊन एकेका पुलीवर नजर फिरवली: सहाही दात सहा खाचांत आहेत का? एक दात बाहेर राहिला तरी इंजिन सुरू झाल्यावर पट्टा सोलवटून निघतो. क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या फिरायच्या दिशेने दोन वळसे हाताने फिरवलं, पुन्हा बघितलं. जागच्या जागी.

कव्हर, चाक, गाडी खाली. बॅटरीची निगेटिव्ह शेवटी जोडली.

बाबा चावीशी बसले, मी मीटर घेऊन पुढे.

“बाबा, चावी फिरवा, सेल्फ नका मारू. दिवा पेटला का?”

“पेटला. लाल, चांगला ठळक.”

“आता मारा.”

इंजिन लागलं. “दिवा गेला गं,” आतून आवाज आला.

मीटरवर १४.२. हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेची तापणारी तार हे सगळं एकदम लावायला सांगितलं: आकडा क्षणभर १३.६ ला गेला आणि १३.९ वर येऊन थांबला. एसीवर ०.०३ व्होल्ट. सगळं चालू असतानाच मीटरची एक वायर बी प्लसवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवली: ०.१२. अल्टरनेटरचं कवच ते बॅटरीची निगेटिव्ह: ०.०४. पहिला आकडा ०.३ च्या आणि दुसरा ०.२ च्या आत असला की केबल आणि अर्थिंग दोन्ही चांगली. ही चाचणी जुन्या अल्टरनेटरवर करण्यात अर्थ नव्हता. वायरीतून पुरेसा प्रवाहच जात नसेल तर तिच्यावर व्होल्ट पडणार कुठून? पण नव्यावर ती चुकवू नये. खराब केबल तशीच राहिली तर नवा अल्टरनेटर घालूनही बॅटरी उपाशीच राहते. मीटरच्या वायरी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब धरायच्या, बाह्या दुमडलेल्या, ओढणी-बिढणी काही नाही.

इंजिन बंद करून गळती मोजली: ०.०२ अँपिअर.

घड्याळ आणि रेडिओ परत लावून घेतले. पहिली काही मिनिटं आयडलिंग जरा वरखाली होत होतं, बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत असं होतं. थोडं चालवल्यावर स्थिरावलं.

२३ नोव्हेंबर

रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.६. नवा पट्टा सुरुवातीला जरा बसतो, म्हणून तो आणि दोन्ही बोल्ट पुन्हा पाहिले. काही ढिलं नाही.

३० नोव्हेंबर

जुना अल्टरनेटर उघडला. मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं की रेग्युलेटर आणि कार्बन ब्रश एकाच तुकड्यात बाहेर येतात. ब्रश अजून ९ मि.मी. बाहेर होते, ५ च्या आसपास आले की बदलतात. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये दोष फक्त या झिजलेल्या ब्रशचा असतो आणि एवढा एक तुकडा बदलून भागतं, गाडीतून न काढताही. चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही अशी तक्रार असेल तर आधी हाच तुकडा बघावा.

रोटरच्या दोन तांब्याच्या कड्यांमध्ये ३.६ ओहम. कडी आणि रोटरचा दांडा यांच्यात मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे वेटोळं कुठे टेकलेलं नाही. ३.६ ओहमला साडेअकरा व्होल्ट मिळाले तर ३.२ च्या जवळपास अँपिअर जातात. गळती मोजताना आलेला आकडा साधारण एवढाच होता.

मग डायोड. स्टेटरच्या तीन तारा डायोडच्या प्लेटला डाग देऊन जोडलेल्या होत्या, त्या वितळवून सोडवल्या. न सोडवता मोजलं तर तिन्ही वेटोळी एकमेकांना जोडलेली असल्यामुळे एक शॉर्ट डायोड बाकीच्यांनाही शॉर्ट दाखवतो. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एकेक तपासला. चांगला डायोड एका दिशेने ०.५ च्या आसपास दाखवतो, उलट्या दिशेने काहीच नाही. पाच तसेच निघाले, तीन छोटेही ठीक. पॉझिटिव्ह प्लेटवरचा मधला दोन्ही दिशांनी ०.००. त्याच्या मुळाशी धातूचा रंग निळसर-तपकिरी झाला आहे, शेजारचे दोन पांढरे स्वच्छ.

डायोडची प्लेट सुटी मिळते. ती बसवायची तर त्याच तीन तारांना पुन्हा डाग द्यावा लागेल. तारा जाड आहेत, छोट्या सोल्डरिंग आयर्नने त्या तापणारच नाहीत, निदान १०० वॉटचा लागेल. पुढचं बेअरिंगही हाताने फिरवल्यावर खरखरतं, ते काढायला पुलर हवा. आयर्न आणि पुलर दोन्ही मागवले आहेत. स्टेटर आणि रोटर धडधाकट असताना हा अल्टरनेटर टाकून देणं मला पटत नाही.